घाम येऊ न देता बर्फ चढायचा: कोल्हापूरकर मित्रांसाठी हिवाळी स्नोशू चढाईची तयारी

पन्हाळा ते पावनखिंड ज्यांनी भर पावसात केलंय, त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: अंग भिजलं तरी काही होत नाही. मसाई पठारावर वारा झोडपून काढतो, चिखल घोट्यापर्यंत येतो, सकाळी भिजलेले कपडे दुसऱ्या दिवशी घरी गेल्यावरच वाळतात, तरी कुणी आजारी पडत नाही. चालत राहिलं की अंग तापतं. आम्ही पाच जण पहिल्यांदा हिमालयात बर्फ चढायला गेलो, तेव्हा हीच समजूत पाठीवर घेऊन गेलो होतो.

आमच्यातला एक तालमीत वाढलेला. त्याला आम्ही पैलवानच म्हणतो. जाड जाकीट न काढता तो सगळ्यांच्या पुढं दणादण चढत गेला. वर मोकळ्या धारेवर पोचलो आणि फोटोसाठी थांबलो. पंधरा मिनिटांत गडी थरथरायला लागला. टोपीचा बंद बांधायला बोटं वळेनात. 'काय न्हाय, जरा गार लागतंय' हे वाक्यही त्याच्या तोंडातून धड बाहेर येईना. आतला बनियन पिळावा इतका ओला होता. आम्ही चौघं वाऱ्याकडं पाठ करून त्याच्याभोवती उभे राहिलो, तिथंच त्याचे कपडे बदलले आणि शिखर न गाठता खाली उतरलो. आमच्यात सगळ्यात दमदार तोच होता आणि अडचणीत आला तोही तोच. म्हणून या लेखात बुटांइतकंच घामाबद्दल वाचायला मिळेल.

डोंगर कोणता निवडायचा

पहिल्या वेळेसाठी मी केदारकंठाच सुचवतो. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे शिखर आहे. उंची सुमारे १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटर. पायथ्याचं सांकरी गाव साधारण ६,४०० फुटांवर, पहिला मुक्काम जुडा का तालाब ९,१०० च्या आसपास आणि शेवटचा तळ ११,२५० फुटांजवळ. म्हणजे शिखराच्या दिवशी चढायचे राहतात साडेबाराशे फूट. खालच्या मैदानातून पन्हाळा जेवढा वर उठलेला दिसतो, जवळपास तेवढेच. हे ऐकून कुणी हसलं तर हसू द्या. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं आपल्याला त्याची काहीच सवय नसते.

डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत इथं बहुधा बर्फ असतो. तो पडतो पश्चिमी झंझावातांमुळं. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या वाऱ्यांचा भरवसा नसतो. एखाद्या वर्षी नाताळात ढोपरभर बर्फ, तर एखाद्या वर्षी जानेवारी उजाडला तरी रान कोरडं. खोल बर्फ हवा असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळलेलाच बरा. तेव्हा त्या वाटेवर दिवाळीत आपल्या महाद्वार रोडच्या बाजारात असते तशी गर्दी असते.

आता स्नोशूबद्दल, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटींबद्दल, खरं ते सांगतो. केदारकंठ्याची रुळलेली वाट शेकडो पावलांनी दाबून घट्ट झालेली असते. तिथं स्नोशू पायात घालणं म्हणजे डांबरी रस्त्यावर गमबूट घालून फिरणं. अशा वाटेला बुटाखाली चढवायचे साखळीचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाईक्स, पुरतात. स्नोशूची किंमत कळते ती ताज्या बर्फात. रात्री दीड-दोन फूट पडून वाट बुजली असेल, किंवा गर्दी सोडून बाजूच्या कुरणातून नवी वाट पाडायची असेल, तेव्हा त्यांच्याशिवाय प्रत्येक पाऊल मांडीपर्यंत रुततं. म्हणून दोन्ही सोबत ठेवायचं. पहाटेच्या कडक बर्फाला काटे, दुपारी मऊ पडलेल्याला स्नोशू.

दोन महिने आधी: पाय आणि फुप्फुसं

कोल्हापुरात बर्फ नाही, पण पाय रुतेल अशी जमीन भरपूर आहे. स्नोशूमध्ये पाय नेहमीपेक्षा वर उचलावे लागतात आणि थोडे फाकवून टाकावे लागतात, त्यामुळं मांडीचा वरचा भाग आणि जांघ दुखते. या सरावाला नांगरलेल्या रानासारखी जागा नाही. कुणा मित्राच्या शेतात ढेकळांतून गमबूट घालून अर्धा तास चाला, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी काय म्हणतोय ते कळेल. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर ओल्या वाळूवर न चालता कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चाला.

आठवड्यातून चार दिवस पाऊण-एक तास भरभर चालणं किंवा हळू पळणं, रंकाळ्यावर म्हणा नाहीतर विद्यापीठाच्या आवारात. दर रविवारी एक चढ, जोतिबा किंवा पन्हाळा, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन. शेवटच्या महिन्यात एकदा गगनबावडा किंवा रांगण्याकडं सलग दोन दिवस चाला, म्हणजे दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठायचं कसं ते समजतं.

यात एक वेगळा सराव घाला. जोतिबाचा चढ सगळे मिळून चढायचा, पण बोलता येईल इतक्याच वेगानं. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी. वर पोचल्यावर प्रत्येकानं पाठीला हात लावून बघायचं, शर्ट ओला आहे का. पहिल्या दोन रविवारी सगळ्यांचे ओले असतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादा कोरडा निघाला की शिखराच्या दिवशी त्यालाच पुढं ठेवा, मग तो गटात सगळ्यात मंद का असेना.

आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोचली, तेव्हापासून आमच्या दूध कट्ट्यावर प्रत्येकाला हिमालय जवळचा वाटू लागलाय. चांगली गोष्ट आहे. पण दम्याचा, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांचा शब्द अखेरचा मानायचा.

पायात काय, अंगावर काय

स्नोशूचं तत्त्व साधं आहे. तुमचं वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरतं, म्हणून पाय कमी रुततो. कमी रुततो म्हणालो, रुतत नाही असं नाही. भुसभुशीत बर्फात स्नोशू असूनही पाऊल घोट्यापर्यंत जातं, आणि ते ठीक आहे. माप ठरवताना आपलं वजन, कपडे आणि पाठीवरची पिशवी, सगळं मिळून धरायचं. ढोबळमानानं एकूण ८० ते ९० किलोपर्यंत २५ इंची जोड चालतो, त्यापुढं ३० इंची. कंपनीनुसार फरक पडतो, म्हणून सोबतचा तक्ता बघाच. मोठा जोड घ्यायचा मोह टाळा. दाट झाडीत आणि आडव्या चढात लांब स्नोशू एकमेकांवर चढतात.

घेताना तीन गोष्टी तपासा. बुटाच्या चवड्याखाली धातूचे दात हवेत. पट्टे मोजे घातलेल्या हातांनी ओढता यायला हवेत. आणि टाचेखाली उभी राहणारी तार हवी. लांब चढावर ती उभी केली की टाच वर टेकते आणि पोटरीवरचा ताण निम्मा झाल्यासारखा वाटतो. सांकरीत गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं, आणि मायक्रोस्पाईक्स भाड्यानं मिळतात. स्नोशू मिळतीलच असं धरून जाऊ नका, आधी फोनवर विचारून पक्कं करा.

बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे आणि अर्धं माप मोठे. जाड मोज्यांवर बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी गार पडतात. हातातल्या काठ्यांना खाली रुंद चकती हवी, नाहीतर काठी मुठीपर्यंत बर्फात जाते.

कपड्यांत पहिला नियम: सुती काहीच नाही. बनियन नाही, जीन्स तर नाहीच. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. सगळ्यात आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा अंगाला लागून बसणारा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. पिसांचं जाड जाकीट पिशवीत अगदी वर. थांबलं की ते चढवायचं, चालायला लागायच्या आधी काढायचं. तळावरून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार हे नक्की. हातमोजे दोन थरांचे, शिवाय एक कोरडा जोड राखीव. झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा कधीच घालायचे नाहीत.

काळा चष्मा सगळ्यांकडं हवा, ही हौस नव्हे. ताजा बर्फ सूर्याचे बहुतेक अतिनील किरण परतवतो. काही तास उघड्या डोळ्यांनी चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि डोळे उघडवत नाहीत. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही लावायचं, कारण ऊन खालूनही येतं.

कोल्हापूर ते सांकरी

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. तिचा वार जमत नसेल तर मिरजेहून रोजची गोवा एक्स्प्रेस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी कुणा एकालाच सगळ्यांची तिकिटं काढायला बसवा. दिल्लीहून डेहराडूनला रेल्वे किंवा बस. पुढं मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी असा सुमारे २०० किलोमीटरचा घाटरस्ता, दिवस मोडतो. पुरोला सोडलं की एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख जवळ ठेवा. वनखात्याच्या परवान्यासाठी ओळखपत्र आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.

स्थानिक वाटाड्या घ्याच. सांकरीकडची माणसं हा बर्फ लहानपणापासून बघतात. कोणत्या घळीत बर्फ घसरतो आणि कोणत्या ओढ्यावर तो पोकळ असतो, हे नकाशात नसतं. त्यांना 'भैया, जल्दी चलो' म्हणणारे आपलेच लोक मी पाहिलेत.

जुडा का तालाबला एक दिवस जास्त

बहुतेक गट दुसऱ्या दिवशी तळ गाठतात आणि तिसऱ्या दिवशी शिखर. तुम्ही जुडा का तालाबला दोन रात्री काढा. एक तर उंचीसाठी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे, आणि सांकरीहून इथं येताना तुम्ही आधीच एका दिवसात आठशे मीटरच्या वर चढलेले असता. दुसरं कारण, स्नोशू शिकायला तो दिवस लागतो. तलाव गोठलेला दिसला तरी त्यावर पाय ठेवू नका. काठावरच्या झाडीतल्या उतारावर सराव करा.

घालताना आधी पायाखालचा बर्फ तुडवून सपाट करा. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काढा, नाहीतर पट्टा सैल पडतो. बुटाचा चवडा बरोबर दातांवर आला पाहिजे आणि अंगठ्याचं टोक पुढच्या मोकळ्या भोकात सहज खाली जायला हवं. आधी पुढचे पट्टे, मग टाचेचा. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवायची. दहा मिनिटं चालून पुन्हा एकदा आवळायचे.

सपाटीवर फार विचार लागत नाही. पाय थोडे फाकवून चाला, बस्स. पहिल्या तासात प्रत्येक जण एकदा तरी स्वतःच्याच स्नोशूवर पाय देऊन तोंडावर पडतो. आमच्यात एक प्राध्यापक आहेत, ते तीनदा पडले आणि तिन्ही वेळा उठून गंभीर चेहऱ्यानं चष्मा पुसला. मागं पाऊल टाकायचं नाही, स्नोशूचं मागचं टोक रुततं आणि माणूस उताणा होतो. वळायचं तर छोट्या पावलांनी अर्धवर्तुळ घ्यायचं. पडलात तर आधी कुशीवर वळा, दोन्ही काठ्या फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवा आणि त्यांवर जोर देऊन गुडघ्यावर या. हात नुसता टेकलात तर खांद्यापर्यंत आत जातो.

सरळ चढावर पाऊल ठेवायचं नाही, पुढून मारायचं. बुटाचं टोक उताराशी आपटून दात रुतवायचे, क्षणभर थांबायचं, वजन टाकायचं, मग दुसरा पाय. पायरी कोसळत असेल तर घाई नको, त्याच जागी दोन-तीनदा दाबून बर्फ बसू द्या. मागच्यानं पुढच्याच्याच पायरीत पाय टाकायचा. आडवं जाताना डोंगराकडची कड दाबून चालायचं आणि वरच्या हातातली काठी आखूड करायची. स्नोशू आडव्या, तीव्र आणि कडक उतारावर सगळ्यात कमी भरवशाचे. तिथं ते काढून काटे चढवण्यात कमीपणा नाही. उतरताना टाचेची तार आडवी करा, गुडघे वाकवा, छोटी पावलं टाका आणि वजन थोडं टाचेकडं ठेवा. फार मागं झुकलात की घसरगुंडी झालीच.

देवदारासारख्या मोठ्या झाडांच्या बुंध्याजवळून जाऊ नका. फांद्यांमुळं तिथं बर्फ दाबला जात नाही, खाली पोकळी राहते आणि माणूस कमरेपर्यंत आत जातो.

शिखराचा दिवस

नवी वाट पाडायचं काम सगळ्यात दमवणारं, म्हणून पाळ्या लावा. पुढच्यानं पाच ते दहा मिनिटं वाट पाडायची, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं. वेळ घड्याळावर बघायची. 'अजून दम आहे' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. आमचा पैलवान दुसऱ्या वर्षी आला तेव्हा तो नियम त्यानंच सुचवला, हे विशेष.

पहाटे तीन-चारला निघा. तेव्हा बर्फ कडक असतो, बहुधा काट्यांवरच चालायचं. तापमान उणे दहाच्या खाली जाऊ शकतं. पहिला थांबा निघाल्यापासून पंधरा मिनिटांनी, फक्त कपड्यांसाठी. मान गरम झाली असेल तर जाकिटाची चेन उघडा, टोपी काढा, एक थर पिशवीत टाका. कुणालाच थांबायचं नसतं, तरी थांबा. त्यानंतरचे थांबे पाच मिनिटांचे, वाऱ्याच्या आडोशाला, आणि पिसांचं जाकीट चढवूनच.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकणाची बाजू मोकळी राहते. नळीवाल्या पिशव्या इथं निरुपयोगी, नळी पहिल्यांदा गोठते. चॉकलेट दगड होतं. आपला गूळ आणि शेंगदाणे कुटून केलेले छोटे लाडू मात्र उणे दहातही दातांना दाद देतात. ते खिशात ठेवा आणि भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला एक खा. मोबाईल आणि बॅटरीच्या दिव्याचे सेल छातीजवळच्या खिशात ठेवा, थंडीत ते डोळ्यांदेखत उतरतात.

परतीची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि सगळ्यांसमोर बोला. आम्ही सकाळचे साडेनऊ धरतो. साडेनऊला जिथं असू तिथून मागं फिरायचं, शिखर शंभर फुटांवर असलं तरी. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, उतरणं लांबतं आणि दुपारी ढग भरून येतात. हवा स्वच्छ असेल तर वरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग दिसतात. तिथं दगड रचलेलं शंकराचं ठाणं आहे. नारळ नेणारे नेतात, करवंटी परत आणा म्हणजे झालं.

कशाला घाबरायचं

हिमप्रपात, म्हणजे उतारावरून बर्फाचा थर कोसळणं, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मोबाईलमध्ये उतार मोजायचं ॲप असतं, काठी बर्फावर टेकवून तिच्यावर फोन ठेवला की आकडा कळतो. जोरदार बर्फवृष्टीनंतर पहिले २४ तास सगळ्यात वाईट. तंबूत पत्ते खेळत बसा. चालताना पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला, किंवा बर्फाला लांब भेग गेली, तर तो उतार तिथंच सोडून आल्या वाटेनं फिरा. तीव्र उतार ओलांडावाच लागला तर एकेकानं जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का दांडा-२ वर प्रशिक्षण घेणारे गिर्यारोहक हिमप्रपातात गेले, आणि तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता. निघण्याआधी हवामान खात्याचा डेहराडूनचा अंदाज आणि डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमप्रपाताचा इशारा बघून घ्या.

उंचीचा त्रास डोकेदुखीपासून सुरू होतो, सोबत मळमळ, चक्कर, भूक मरणं. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. एक रात्र थांबून बरं वाटलं तर पुढं. चालताना झोकांड्या जायला लागल्या, माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असो की दिवस, त्याच क्षणी खाली. ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर जास्तच जपून.

गारठ्याची खूण वेगळी. थरथर, हातातून वस्तू पडणं, अडखळणं, बोबडं बोलणं. अशा माणसाला 'बरं आहे का' विचारून उपयोग नाही, तो बरंच आहे म्हणतो. शर्टाची गुंडी लावायला सांगा. जमलं नाही तर ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली चटई टाका आणि शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी द्या. दारू अजिबात नाही. ती गरम वाटते आणि अंगातली ऊब बाहेर सोडते. बोटं पांढरी, बधिर पडली तर बर्फानं चोळू नका, शेकोटीला धरू नका. मित्राच्या काखेत द्या. लाज वाटते, पण बोटं वाचतात.

घरी आल्यावर

स्नोशूचे पट्टे आणि कड्या गोड्या पाण्यानं धुवा, दात पुसून हलकं तेल लावा. पिसांचं जाकीट आणि झोपायची पिशवी दाबून बोचक्यात भरून ठेवू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातही दमट असतं आणि पिसांना वास लागतो. सैल सुती पिशवीत टांगून ठेवा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात एकदा गच्चीवर सावलीत वारा द्या. आमच्या पैलवानानं हे ऐकलं नाही. त्याच्या जाकिटाला अजून बुरशीचा वास येतो, म्हणून शिखरावरच्या फोटोत आम्ही सगळे त्याच्यापासून हातभर लांब उभे आहोत.